ज्यूरीतले चार दिवस आणि अमेरिकन जज नेमकं काय ठरवतो

निशिगंध (धागाकर्ती)

गेल्या ऑक्टोबरात टपालानं ज्यूरीचं समन्स आलं. नागरिकत्वाची शपथ घेऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे आज ना उद्या ते येणार हे माहीत होतं. आम्ही एडिसनला राहतो, म्हणजे मिडलसेक्स काउंटी आणि कोर्ट न्यू ब्रन्सविकचं. ऑफिसमधल्या प्रत्येकानं यातून सुटका कशी करून घ्यायची याचे सल्ले दिले. मला मात्र जायचंच होतं. माझे बाबा कोल्हापूरच्या कोर्टात बेलीफ होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात समन्स नेऊन दिली, पण आमच्या घरी आलेलं समन्स हे पहिलंच. फोनवर सांगितलं तर ते आधी घाबरले. मग ज्यूरी म्हणजे खटला ऐकून निकाल देणारी साधी नागरिक मंडळी, हे समजावून सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "नीट ऐक सगळं."

पहिल्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. नावं पुकारून त्यातल्या चाळीसेक जणांना एका कोर्टरूममध्ये नेलं. जजनी स्वतः प्रत्येकाला प्रश्न विचारले. दोन्ही बाजूंपैकी कुणाला ओळखता का, तुमचा कधी अपघात झालाय का, नुकसानभरपाईच्या दाव्यांबद्दल आधीपासून काही ठाम मत आहे का. एक गृहस्थ म्हणाले, असले दावे सगळे खोटे असतात. जजनी त्यांचे आभार मानले आणि घरी जायला सांगितलं. काही जणांना वकिलांनी कारण न देता वगळलं. शेवटी आठ जण बसलो.

खटला साधा होता. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून दुसऱ्या गाडीनं धडक दिली होती. चूक कुणाची याबद्दल वाद नव्हताच, मागच्या चालकानं ती मान्य केली होती. प्रश्न एवढाच होता, की धडक बसलेल्या बाईंच्या मानेची दुखापत कायमची आहे का, आणि ती या अपघातामुळेच झाली का. न्यू जर्सीत बऱ्याच विमा पॉलिसींत अशी अट असते, की दुखापत कायमची असेल तरच वेदनांबद्दल भरपाई मागता येते. दोन डॉक्टर आले. एमआरआयची फिल्म तीच, पडद्यावरचा मणका तोच. एक म्हणाले, ही चकती अपघातात सरकली. दुसरे म्हणाले, ही वयोमानानं झालेली झीज आहे, पन्नाशीच्या निम्म्या लोकांच्या मानेत असं दिसेल.

मला सगळ्यात नवल वाटलं ते जजच्या गप्प राहण्याचं. चार दिवसांत त्यांना कुठला डॉक्टर पटला याचा अंदाजसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावरून आला नाही. पण ते सतत काही ना काही ठरवत होते. वकिलानं हरकत घेतली की मान्य किंवा अमान्य, एका शब्दात. मुद्दा नाजूक असला की दोन्ही वकील त्यांच्या टेबलापाशी जायचे आणि मग स्पीकरमधून पाऊस पडल्यासारखा एक सलग आवाज सोडला जायचा, आम्हाला त्यांचं कुजबुजणं ऐकू येऊ नये म्हणून. एकदा साक्षीदाराच्या तोंडून विमा कंपनीचा उल्लेख निघून गेला. जजनी लगेच थांबवलं आणि आमच्याकडे वळून सांगितलं, हे ऐकलंच नाही असं समजा. भरपाई कुणाच्या खिशातून जाणार याचा विचार आम्ही करायचा नव्हता.

चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंची शेवटची भाषणं झाली, जजनी जवळजवळ तासभर कायदा समजावून सांगितला आणि मग एका पेटीतून चिठ्ठ्या काढल्या. आठातले दोन जण बाहेर. चार दिवस कान देऊन ऐकलेले ते दोघं आता पर्यायी म्हणून बाजूला बसले. त्यातल्या एका आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

आत आम्ही सहा जण. इथे दिवाणी खटल्यात सहापैकी पाच जणांचं एकमत पुरतं. तीन तासांनी निकाल ठरला, दुखापत कायमची असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पाच विरुद्ध एक. तो एक मी.

बाहेर आल्यावर प्रत्येकाला नाव घेऊन विचारलं गेलं, हा निकाल तुम्हाला मान्य आहे का. मी भर कोर्टात "नाही" म्हणाले. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. जजनी मान डोलावली, पाच मतं मोजली आणि निकाल नोंदवून घेतला. का, कसं, कशाच्या आधारावर, कुणीही काही विचारलं नाही.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. आपल्याकडे जज कारणं देतो, पानंच्या पानं निकालपत्र लिहितो. इथे सहा अनोळखी माणसं एका खोलीत ठरवतात आणि एक शब्दही लिहीत नाहीत. मग जज ठरवतो तरी काय? त्या बाईंना अपील करता येईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

कडुनिंब

निशिगंध, वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली करतोय. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. बेलीफ मंडळी उन्हातान्हात पत्ते शोधत फिरली नाहीत तर आमचा एक दावा पुढे सरकणार नाही.

आपल्याकडेही ज्यूरी होती, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. १९५९ चा नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीपुढेच चालला. नऊ जणांपैकी आठ जणांनी 'दोषी नाही' म्हटलं. पण त्या वेळच्या आपल्या कायद्यात सत्र न्यायाधीशाला एक मुभा होती. ज्यूरीचा निकाल कुठल्याही समंजस माणसाला पटण्यासारखा नाही असं वाटलं, तर तो प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत असे. न्यायाधीशांनी तेच केलं, मुंबई हायकोर्टानं जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरलीच नाही.

अमेरिकेत हे घडूच शकलं नसतं. तिथे फौजदारी खटल्यात ज्यूरीनं 'दोषी नाही' म्हटलं की सरकारला अपील नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हे त्यांच्या पाचव्या घटनादुरुस्तीत आहे.

दिवाणीतला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासता येतो. साक्षीदार खरं बोलला की खोटं, यावरही वरचं कोर्ट आपलं मत देऊ शकतं. दुसऱ्या अपिलात मात्र फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न चालतो. माझा अंदाज असा, की अमेरिकेत पहिल्याच अपिलाला ती दुसऱ्या अपिलाची शिस्त लागते. तिकडच्या कुणी खात्री करावी.

---

उंबरठा

कडुनिंब, अंदाज बरोबर आहे. मी इथे लॉ करून आता अपिलांच्याच कामात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

निशिगंध, त्या बाई अपील करू शकतात, पण "ज्यूरीनं चुकीच्या डॉक्टरवर विश्वास ठेवला" या मुद्द्यावर नाही. अपिलात सहसा दोन-तीन जज बसतात. साक्षीदार नाही, ज्यूरी नाही, नवा पुरावा नाही. समोर असतो तो खालच्या कोर्टातला शब्दन् शब्द टिपलेला कागद आणि दोन्ही बाजूंची लेखी कैफियत. तोंडी युक्तिवादाला बऱ्याचदा दर बाजूला पंधरा-वीस मिनिटं मिळतात, आणि त्यातली निम्मी जजच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात जातात.

आता तुमचा मूळ प्रश्न, जज ठरवतो तरी काय. मला दहा वर्षांत कळलं ते असं: इथला जज 'खरं काय' हे ठरवण्याआधी 'हे ठरवायचा अधिकार कुणाचा' हे ठरवतो. निम्म्याहून अधिक प्रकरणांत निकाल तिथेच लागलेला असतो. अपिलाच्या कैफियतीत म्हणूनच एक वेगळा भाग असतो, ज्यात फक्त एवढंच लिहायचं असतं की खालच्या निर्णयाकडे वरच्यांनी किती कडक नजरेनं बघावं.

प्रश्न निव्वळ कायद्याचा असेल, उदाहरणार्थ एखाद्या कलमाचा अर्थ, तर वरचे जज कोऱ्या पाटीवर विचार करतात, खालच्या जजला काय वाटलं याला वजन नाही. ज्यूरीशिवाय चाललेल्या खटल्यात जजनं साक्षीपुराव्यावरून काढलेला निष्कर्ष असेल, तर तो उघड उघड चुकला असेल तरच हात घालतात. साक्षीदाराचा आवाज कापला का, तो उत्तर देताना कुणाकडे बघत होता, हे कागदावर उमटत नाही आणि ते खालच्यानंच पाहिलेलं असतं, हे त्यामागचं कारण. पुरावा आत घ्यायचा की नाही, तारीख द्यायची की नाही असले निर्णय तर जवळजवळ पूर्णपणे खालच्या जजच्या तारतम्यावर सोडलेले असतात. आणि ज्यूरीचा निकाल असेल तर एवढंच विचारतात: या पुराव्यावरून कुठल्याही समंजस ज्यूरीला असं म्हणता आलं असतं का? तुमच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी डॉक्टर उभे होते. त्यामुळे उत्तर 'हो' येणार.

त्या बाईंना वाव आहे तो जजच्या चुकांमध्ये. कायदा समजावताना एखादं वाक्य चुकलं असेल, जो पुरावा आत यायला हवा होता तो अडवला असेल, तर. तुम्हाला जो एका शब्दाचा 'मान्य-अमान्य' वाटला, तो प्रत्येक शब्द अपिलासाठी नोंदला जात होता. वकिलानं त्या क्षणी हरकत घेतली नसेल तर वरती तो मुद्दा सहसा मेलेलाच असतो.

---

सह्यकडा

मी ह्यूस्टनला आहे, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. माझ्या बायकोचं वर्क परमिट एच-फोरचं, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरचं. गेली कित्येक वर्षं आम्ही बातम्या वाचतोय, की कोर्टात केस आहे आणि हे परमिट जाणार. प्रत्येक बातमीनंतर घरात आठवडाभर शांतता. माझा प्रश्न भाबडा आहे, पण विचारतोच. टेक्सासमधला एखादा जज अख्ख्या देशाचा नियम कसा थांबवतो? आणि राज्याचं कोर्ट वेगळं, फेडरल वेगळं म्हणजे काय? आपल्यासारखी एकच उतरंड नाही का?

---

उंबरठा

सह्यकडा, प्रश्न अजिबात भाबडा नाही.

एक उतरंड नाही, दोन आहेत. खरं तर एक्कावन्न. प्रत्येक राज्याची आपली खालपासून वरपर्यंत कोर्टं आहेत आणि घटस्फोट, भाडं, अपघात, खून, करार असली बहुतेक प्रकरणं तिथेच चालतात. निशिगंध बसल्या ते राज्याचं कोर्ट. शेजारी फेडरल उतरंड: ९४ जिल्हा कोर्टं, त्यांच्यावर १३ अपील कोर्टं, आणि माथ्यावर सुप्रीम कोर्टाचे ९ जज. ही ९ ची संख्या १८६९ पासून तीच आहे. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय हे राज्याचं सर्वोच्च कोर्ट सांगेल, त्यात अमेरिकेचं सुप्रीम कोर्टसुद्धा ढवळाढवळ करत नाही. फेडरल कायदा किंवा राज्यघटना आली तरच.

जजही वेगवेगळ्या वाटेनं येतात. फेडरल जजना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सेनेट मंजुरी देते आणि मग ती नेमणूक तहहयात. तुमच्या टेक्सासमध्ये राज्याचे जज निवडणुकीला उभे राहतात, तेही पक्षाच्या नावावर. न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतात, सात वर्षांनी पुन्हा नेमणूक झाली की सत्तराव्या वर्षापर्यंत. एकाच देशात एका जजला मतं मागावी लागतात आणि दुसऱ्याला कुणी हात लावू शकत नाही. मतं मागणाऱ्या जजपुढे आपली केस असणं मला व्यक्तिशः कधीच पटलेलं नाही.

देशभर मनाई देण्याबद्दल: जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की दावा लावणाऱ्यांना दिलासा द्यायला लागेल त्याहून व्यापक, सगळ्या देशाला लागू होणारी मनाई देण्याचा अधिकार संसदेनं जिल्हा जजना बहुधा दिलेला नाही. प्रकरण जन्मानं मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या आदेशाचं होतं, पण त्या निकालात तो आदेश घटनेला धरून आहे का यावर कोर्ट काहीच बोललं नाही. पुन्हा तेच बघा, आधी 'कुणाचा अधिकार'. बऱ्याच जणांचा दावा एकत्र लावण्याची वाट मात्र खुली राहिली.

आता तुमच्या घरातली गोष्ट. एच-फोरच्या परमिटचा नियम २०१५ चा आणि केसही २०१५ चीच. पहिली काही वर्षं वाद कशावर झाला माहितीये? दावा लावणाऱ्या संघटनेला मुळात दावा लावण्याचा हक्क आहे का, त्यांचं स्वतःचं काही नुकसान होतंय का, यावर. त्यावर २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं हक्क आहे म्हटलं आणि प्रकरण परत खाली पाठवलं. मग मूळ प्रश्न आला, म्हणजे असा नियम करायचा अधिकार खात्याला आहे का. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्ट 'आहे' म्हणालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते ऐकायला नकार दिला. ती केस संपली. उद्या सरकारनं स्वतः नियम बदलला तर गोष्ट वेगळी, पण त्या केसची धास्ती आता घेऊ नका.

---

सह्यकडा

उंबरठा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मनापासून आभार. नकार दिला म्हणजे सुप्रीम कोर्टाला तो नियम मान्य आहे, असं धरायचं का?

---

उंबरठा

नाही. दरवर्षी हजारो अर्ज जातात आणि ऐकली जातात साठेक प्रकरणं. नऊपैकी चार जजना घ्यावंसं वाटलं तर घेतात. 'निकाल चुकलाय' हे कारण त्यासाठी सहसा पुरत नाही. दोन अपील कोर्टांनी एकाच कायद्याचे दोन अर्थ लावले असतील, म्हणजे शिकागोत एक कायदा आणि डॅलसमध्ये दुसरा अशी स्थिती झाली असेल, तर मात्र घेतात. नकाराचा अर्थ एवढाच, की खालचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम.

घेतलेलं प्रकरण ते कसं ठरवतात हेही सांगतो, मला ते फार आवडतं. युक्तिवादानंतर नऊ जण एका बंद खोलीत बसतात. कारकून नाही, सेक्रेटरी नाही. दारावर टकटक झाली तर सगळ्यात नवा जज उठून दार उघडतो. मतं सरन्यायाधीशांपासून ज्येष्ठतेनं दिली जातात. बहुमतात जो सगळ्यात ज्येष्ठ, तो निकालपत्र कुणी लिहायचं ते ठरवतो. मग मसुदे फिरतात, आणि कधी कधी भिन्नमताचा मसुदा इतका पटतो की मत बदलून तोच बहुमताचा होतो.

---

पाणवठा

धागा वाचताना मला सखाराम गणेश पंडित आठवले. नाव ऐकूनच मराठी कान टवकारतील. शंभर वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये हा माणूस वकील होता, आणि उंबरठा म्हणतात तो 'कुणाचा अधिकार' हा प्रश्न त्यांच्या आयुष्यावर बेतला होता.

त्या वेळचा कायदा १७९० पासूनचा: परदेशात जन्मलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' माणसाला नागरिकत्व. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. बाकी आशिया बाहेर. मग हिंदी माणूस गोरा का? पंडितांनी १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात अर्ज केला, सरकारी माणसानं नेमक्या याच मुद्द्यावर हरकत घेतली, जजनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि नागरिकत्व दिलं. सरकारनं अपील केलं नाही. पंडित १९१७ मध्ये वकील झाले, पुढे तिथल्याच एका गोऱ्या बाईंशी लग्न केलं.

१९२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टापुढे ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ आले. वीस वर्षं अमेरिकेत, घरात इंग्रजी, कातडी कित्येक गोऱ्यांहून गोरी. कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तुम्ही त्यात येत नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, भगतसिंग थिंद आले. पंजाबी शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. ते म्हणाले, तुमच्याच वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी माणूस कॉकेशियन आहे. त्यावर कोर्ट म्हणालं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस 'गोरा' म्हणताना ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकालपत्रं एकाच जजनं लिहिली, जॉर्ज सदरलँड यांनी. दोन्ही एकमतानं. मी ही दोन निकालपत्रं एकापाठोपाठ वाचली तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. कायद्याची भाषा इतकी नेटकी, आणि आत माणसाला आधीच दाराबाहेर ठेवलेलं.

थिंदच्या निकालानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्व एकेक करून काढून घ्यायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांचं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला.

पंडितांवरही दावा झाला. आता बघा, 'पंडित गोरे आहेत का' हा प्रश्न पुन्हा उघडला असता तर ते हरलेच असते, थिंदचा निकाल समोर होता. पण १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील कोर्टानं तो प्रश्न उघडूच दिला नाही. कोर्टाचं म्हणणं असं, की याच मुद्द्यावर याच दोन पक्षांमध्ये १९१४ मध्ये वाद होऊन निर्णय झाला आहे. सरकारला तेव्हा अपील करता आलं असतं. केलं नाही. आता तो निर्णय चुकीचा ठरला तरी बांधील आहे. सुप्रीम कोर्टानं १९२७ मध्ये ते ऐकायला नकार दिला आणि त्यानंतर सरकारनं अशी उरलेली प्रकरणं सोडून दिली.

पंडित गोरे आहेत असं कुठलंही वरचं कोर्ट म्हणालं नाही. थिंदचा निकालही कोर्टानं फिरवला नाही. हिंदी लोकांसाठी कायदा बदलला तो संसदेनं, १९४६ मध्ये. थिंदना त्याआधी, १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली नागरिकत्व मिळालं होतं.

निशिगंध, तुम्ही ज्या शपथेचा उल्लेख केलात ती वाचून हे लिहावंसं वाटलं.

---

निशिगंध

पाणवठा, हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. ज्या नियमामुळे त्या बाईंचा निकाल पुन्हा उघडणार नाही, त्याच्याच सख्ख्या भावानं पंडितांना वाचवलं.

---

कडुनिंब

आमच्याकडे त्याला 'रेस ज्युडिकेटा' म्हणतात, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११. रोज वापरतो. एकदा ठरलेलं पुन्हा नाही. पण त्यावर कुणाचा देश टिकला असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

---

आडवाट

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला एक म्हणायचंय. हे 'अधिकार कुणाचा' वगैरे पुस्तकी झालं. सुप्रीम कोर्टाचा कुठलाही मोठा निकाल घ्या, ६ विरुद्ध ३. कुठल्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षानं नेमलं ते बघा आणि निकाल आधीच सांगा. गर्भपाताचा हक्क १९७३ मध्ये दिला, २०२२ मध्ये काढून घेतला. घटनेचं एक अक्षर बदललं नव्हतं, बदलले होते जज.

---

उंबरठा

आडवाट, तुमचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. घटनेत 'कायद्याची उचित प्रक्रिया', 'समान संरक्षण' असे मोकळे शब्द आहेत. कुणी म्हणतं, ते लिहिले गेले तेव्हा लोकांना जो अर्थ कळला तोच धरायचा. कुणी म्हणतं, शब्द तेच ठेवून अर्थ काळाबरोबर वाढू द्यायचा. राष्ट्राध्यक्ष कुठल्या प्रकारचा जज निवडतात ते आता अगदी पारखून निवडतात. त्यामुळे मोकळ्या शब्दांवरच्या प्रकरणांत तुमचा अंदाज बऱ्याचदा खरा ठरेल, आणि मला ते बोचतं.

पण सगळी प्रकरणं तशी नसतात. पुष्कळ निकाल एकमतानं लागतात, त्यांची बातमी होत नाही. आणि एक उदाहरण देतो. लुइझियानात बारापैकी दहा ज्यूरर 'दोषी' म्हणाले तरी शिक्षा व्हायची. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गंभीर गुन्ह्यात बाराच्या बारा हवेत. निकालपत्र गोर्सच यांचं, म्हणजे ट्रम्प यांनी नेमलेले. त्यांच्या बाजूला क्लिंटन यांनी नेमलेल्या गिन्सबर्ग. विरोधात बुश यांनी नेमलेले अलिटो, रॉबर्ट्स, आणि त्यांच्याबरोबर ओबामांनी नेमलेल्या केगन. केगन यांचा आक्षेप का? १९७२ चा जुना निकाल होता, राज्यं त्यावर विसंबून होती, तो असा मोडायला नको म्हणून. पक्ष बघून हे आधी सांगता आलं नसतं.

पुढच्याच वर्षी प्रश्न आला: ज्यांना जुन्या पद्धतीनं दहा मतांवर शिक्षा झाली आणि ज्यांची अपिलं संपली, त्यांचं काय? कोर्ट म्हणालं, नवा नियम त्यांना लागू नाही, ते प्रकरण मिटलंय. पंडितांना वाचवणारा मिटल्याचा नियम इथे तुरुंगातल्या माणसाच्या विरुद्ध गेला. या वेळी केगन यांनी विरोधात लिहिलं: ज्यूरीचं एकमत इतकं मूलभूत असेल तर त्याचा लाभ मागच्यांनाही द्या. कडुनिंब, तुमच्या कलम ११ ची ही दुसरी बाजू.

---

मृगजळ_सॅन_होजे

विषय मोठा चाललाय, पण मला आलेला छोटा अनुभव लिहिते, कुणाला उपयोग होईल. जुन्या घरमालकानं डिपॉझिट अडवून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत पैसे किंवा कपातीचा हिशेब द्यावा लागतो. दिला नाही. मी स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात गेले. व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि वकील उभा करताच येत नाही, दोन्ही बाजूंना. मी घर सोडताना काढलेले फोटो छापून नेले होते, भिंतीचा एकेक कोपरा, तारखेसकट. जजनी ते एकेक करून पाहिले आणि घरमालकाला विचारलं, यातलं कुठलं नुकसान? दहा मिनिटांत संपलं. पैसे मिळाले.

लक्षात ठेवण्यासारखं एक: तिथे दावा लावणारा हरला तर त्याला अपील नाही, समोरच्याला मात्र आहे. त्यामुळे कागदपत्रं पहिल्याच दिवशी पूर्ण न्या.

---

सह्यकडा

आणखी एक. माझ्या मित्राला ग्रीन कार्ड असताना ज्यूरीचं समन्स आलं. जायचं का?

---

उंबरठा

जायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. याद्या ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही बनतात म्हणून अशी समन्स येतात. फॉर्ममध्ये 'नागरिक नाही' ही खूण करून वेळेत परत पाठवा. खोटं लिहून ज्यूरीत बसलं तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते अडचणीचं ठरेल.

आणि एक सांगून ठेवतो, इमिग्रेशन कोर्ट या दोन्ही उतरंडींत बसत नाही. तिथला जज न्याय खात्याचा नोकर असतो, अॅटर्नी जनरलच्या हाताखाली. तहहयात नेमणूक नाही, ज्यूरी नाही, सरकारी खर्चानं वकील नाही. फौजदारीत गरिबाला वकील देण्याचा हक्क १९६३ मध्ये मिळाला, क्लॅरन्स गिडियन नावाच्या कैद्यानं फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेल्या अर्जामुळे. इमिग्रेशनमध्ये तो हक्क अजून आलेला नाही. तिथे वकिलाशिवाय कधीही उभे राहू नका.

---

कडुनिंब

निशिगंध, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तुमच्या हातात ज्यूरीचा कागद दिला असेल, त्यावर प्रश्न नेमके काय होते? आमच्याकडे जज मुद्दे काढतो आणि त्यांची उत्तरं स्वतःच लिहितो. तुमचे मुद्दे बघायची उत्सुकता आहे. आणि बाकी पाच जणांचं म्हणणं काय होतं?

---

निशिगंध

कडुनिंब, एकच पान होतं. पहिला प्रश्न साधारण असा: वादीला या अपघातामुळे कायमस्वरूपी दुखापत झाल्याचं तिनं सिद्ध केलं आहे का? हो किंवा नाही, आणि मतं किती. खाली सूचना, उत्तर 'नाही' असेल तर पुढे जाऊ नका.

बाकी पाच जणांपैकी कुणी त्या बाईंना खोटं म्हणालं नाही. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांनी फिल्मची छापील प्रत टेबलावर पसरली आणि आम्ही सगळे वाकून बघत होतो, जणू आम्हाला त्यातलं कळतं. त्या म्हणाल्या, दुखतंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण सिद्ध करायचं ओझं तिचं आहे आणि माझ्यासाठी पारडं मध्यावरच आहे. मध्यावर म्हणजे 'नाही'. जजनी तसंच समजावलं होतं. माझ्यासाठी ते किंचित झुकलं होतं. अपघाताच्या आधीच्या सहा वर्षांत मानेची एकही तक्रार त्यांच्या डॉक्टरांच्या कागदांत नव्हती, मी तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मतं घेतली.

काल बाबांशी बोलताना हे सगळं सांगितलं. पंडितांचंही. त्यांनी विचारलं, दुसरा प्रश्न काय होता मग? भरपाईची रक्कम. त्यापुढे डॉलरची खूण आणि एक लांब रेघ होती. ती रेघ आम्ही कोरीच ठेवून कागद परत दिला.